चूल विझवून बागेत

प्रिय माय,

परवा तुझी शोकसभा झाली. त्यात एका पुढाऱ्यानं तुले वाघीण करून टाकलं! "भय हा शब्द त्या माऊलीला माहीतच नव्हता," म्हणे. बाया पदर डोळ्याले लावून राहिल्या होत्या, अन् मी सतरंजीवर बसल्या बसल्या चडफडून राहिली होती. असं वाटलं, उठावं अन् म्हणावं, भाऊ, तुम्ही कोणाची गोष्ट सांगून राहिले? माझी माय एकदा इतकी भेली होती, की तिले साधं संत्र सोलता येत नव्हतं.

पण शेजारी बाबा बसले होते, मान खाली घालून. त्यांच्यासमोर कशाले बोला? म्हणून हे पत्र. तिथं जे गिळलं ते इथं लिहून राहिली. राग आला तर येऊ दे, तुझा राग मले काही नवा नाही!

अकोल्यात आता थंडी उतरून राहिली. पहाटे गोधडी लागते अन् दुपारी झंपर घामानं भिजते. शाळेच्या आवारातल्या निंबाले पान राहिलं नाही. पोरी सकाळी झाडतात, दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच पाला. हे दिवस आले की मले अमरावतीची ती मोठी बाग आठवते. दरवर्षीच आठवायची, पण तू होती तोवर विषय काढायची सोय कुठं होती? काढला की तू म्हणायची, "झालं ते झालं. भाजी नीस." आता कोण भाजी निसायले लावते मले? आता ऐक.

त्या साली दसऱ्याले तू अन् बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले. तू पांढरं लुगडं नेसून आली, अन् आल्या आल्या घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले. बाबांनीही हात लावला, पण तुझ्या हातात जो सपाटा होता तो त्यांच्या हातात नव्हता. मले वाटलं, झालं, आता सारं नवीन. अन् फागुन आला तसं जुनं दारात येऊन उभं राहिलं!

आपल्या गावची रीत अशी, की पाटलाच्या दारापुढची होळी पेटायची ती आपल्या चुलीतल्या विस्तवानं. गावात इतक्या चुली, पण विस्तव पाहिजे तो महारपुऱ्यातला, अन् त्यातही आपल्याच घरचा. बाबांनी गोवरीवर निखारा घेऊन जायचं, वाकून खाली ठेवायचा अन् मागं सरकायचं. ते मागं सरकले की मग पाटलाचा माणूस तो उचलणार. बदल्यात एक नारळ अन् पुरणाच्या पोळ्या, त्याही वरून पदरात टाकलेल्या. याले म्हणायचे मान! बाबांच्या बापानं दिला, आज्यानं दिला. "आपल्या इस्तवाबिगर गावची होळी पेटत नाई," असं सांगताना बाबांची छाती फुगायची, ती मी माझ्या डोळ्यानं पाहिली आहे.

होळीच्या आदल्या दिवशी पाटलाचा सालदार सुदाम सायकलवर आला. "उद्या सांजेले इस्तो तयार ठेवजा," म्हणाला. तू दार अडवूनच उभी.

"आमी आता होळी करत नाई, सुदामभाऊ. पाटलाले सांगजा."

"तुमी नका करू ना बाई. गावाले तं करायची हाय." अन् सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला, "पाटील लय तापून हाय यंदा. इस्तो नाई आला तं तुमच्याच कुडाले काडी लावू अन् त्यातूनच नेऊ, असं म्हनून राहिले."

तो गेला अन् घरात जुंपली. बाबा म्हणाले, "एक गोवरी तं द्यायची हाय. तेवढ्यानं काय धर्म बुडते? मान हाय आपला."

"मान?" तू हातातलं सूप आपटलं. "वरून टाकलेलं नारय पदरात घ्यायचं, याले मान म्हनतात? एवढा मान हाय तं पाटलाच्या ओसरीवर पाट टाकून जेवून दाखवा ना!"

बाबा विडी पेटवून बाहेर जाऊन बसले. सुंभ जळाला पण पीळ गेला नव्हता, हे तुलेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू भाकरी भाजल्या, फडक्यात बांधल्या, अन् घागर उचलून सारं पाणी चुलीत ओतलं. भस्सकन राख उडाली, डोळ्यातोंडात गेली. मी पाहतच राहिली. निखारा राखेखाली झाकून ठेवायचा अन् सकाळी त्यावरच फुंकर घालायची, ही आपल्या घरची चाल. चूल मरू द्यायची नाही, हे तूच मले शिकवलं होतं ना?

"चला," तू हात झटकत म्हणाली, "अमरावतीची बाग पाहाले जाऊ."

"बाग? आज?" बाबा म्हणाले.

"मंग कवा? मेल्यावर?"

तुझा हिशोब मले मागाहून समजला. मामाकडं गेलो असतो तर पाटलाच्या लोकांनी घरात शिरून बाबाले उठवलं असतं. बागेत चारचौघं असतात, फाटकावर चौकीदार असतो, तिथून कोणाले ओढून नेता येत नाही. अन् शहर काही लांब नव्हतं, आपल्या गावचे दूधवाले पायी जाऊन दुपारच्या आत परत यायचे. पण खरं सांग माय, तुले ती बाग पाहायचीच होती ना? गवताचा भारा डोक्यावर घेऊन तू कितीदा त्या कुंपणाजवळून गेली असशील! मानेवर ओझं असलं की बाजूले पाहता येत नाही, असं तूच सांगायची.

काय दिवस होता तो! उन्हात ऊब अन् सावलीत अजून गारवा. काटेसावरीले एक पान नाही, नुसती लालभडक फुलं, अन् खाली फुलांचा खच. पिंपळाले कोवळी तांबूस पालवी फुटून राहिली होती. आंब्याच्या मोहराचा वास असा, की भूक लागावी. लोकं घरचे सारे घेऊन आले होते, सतरंज्या टाकून बोरं खात, संत्री सोलत बसले होते. तू फाटकातून आत आली अन् चपला काढायले लागली!

"माय, हे देऊळ नाई," मी हळूच म्हटलं.

"मालूम हाय मले," म्हणत तू त्या परत घातल्या. पण तुले हसू आलं होतं, मी पाहिलं.

तू थेट कारंज्याजवळच्या लोखंडी बाकड्यावर जाऊन बसली. बाबा खाली गवतावर, फाटकाकडं तोंड करून. "फाटक काहून पाहता? फुलं तिकडं हायेत," तू म्हणाली. बाबा "हाव" म्हणाले, अन् फाटकच पाहत राहिले. सुकी भाकर खाताना त्यांचा घास तोंडात नुसता फिरून राहिला होता.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाले एक जाडजूड बाई बसल्या होत्या, हातात सोन्याच्या बांगड्या. त्यांनी विचारलं, "कोणत्या गावच्या हो तुम्ही? होळीच्या दिवशी बऱ्या निघाल्या घरून! पुरण-बिरण नाही का आज?"

मी तुझ्याकडं पाहिलं. बाबांनीही पाहिलं. खोटं बोलायले किती सोपं होतं! कोणतंही गाव सांगायचं, कोणतंही आडनाव लावायचं. त्या बाईले काय माहीत पडणार होतं?

"आमी बौद्ध हाओ," तू म्हणाली. "आमच्यात होळी नाई आता."

बाईंनी पदर आवरून घेतला अन् उठायले लागल्या. तर तू म्हणते कशी, "बसा ना बाई, कायले उठता? बाकडं लांब हाय!"

बाईंनी उठायचा जोर केला, गुडघ्यानं दगा दिला, अन् त्या थपकन परत बसल्या. मले हसू आवरेना, तू मांडीले चिमटा काढला. बाईंनी गुडघा चोळला. मग त्याच म्हणाल्या, "या दिवसात गुडघे फार धरतात हो."

"एरंडाचं पान गरम करून बांधत जा," तू म्हणाली.

घ्या! म्हणजे गोष्ट एरंडाच्या पानापर्यंत आली. जाताना त्या दोन संत्री बाकड्यावर ठेवून गेल्या. "पोरीला," एवढंच म्हणाल्या, अन् तुझ्याकडं न पाहता गेल्या. मले वाटलं, आता आज काही वाईट होत नाही.

अन् दुपार कलली तसा सुदाम फाटकात दिसला. गावच्या दूधवाल्यानं आपल्याले वाटेत पाहून सांगितलं असावं.

चौकीदारानं सायकल बाहेर ठेवायले लावली. सुदाम आत आला अन् बाबांच्या शेजारी गवतावर मांडी घालून बसला. शिवी नाही, धमकी नाही. आवाजात अशी साखर, की विचारू नको.

"दादा, पाटलानं राग सोडला. म्हने, याच्या बापानं माह्या बापाच्या होळीले इस्तो देल्ला, अन् मी शिव्या देतो काय? लेकरं शेणाच्या चाकोल्याच्या माळा घेऊन सकाळपासून होळीभोवती बसले हायेत. तुह्याबिगर कोन पेटवन? जबरदस्ती नाई, दादा. मान तुहा हाय."

धमकीले बाबा बधले नसते, माय. काठी दाखवली असती तर तेही तुझ्यासारखे ताठ झाले असते. पण हे? गावात ज्याले कोणी "ए" शिवाय हाक मारली नाही, त्याले कोणी शेजारी बसून "दादा" म्हणते, तर त्यानं काय करावं? बाबांचा चेहरा मले दिसून राहिला होता. विरघळून राहिला होता माणूस.

"जाऊ नका," तू म्हणाली.

"पाहून येतो," बाबा उठले. "घर तं उभं हाय का पाहून येतो."

"जाऊ नका म्हटलं ना!"

बाबांनी तुझ्याकडं पाहिलंच नाही. सुदामनं त्याईले सायकलच्या दांड्यावर बसवलं अन् नेलं, जत्रेले चालल्यासारखं. तू बाकड्यावरून उठली नाही. फाटकाकडं पाठ करून बसली.

"चाल ना माय!" मी रडकुंडीले आली होती. "बाबाच्या मागं जाऊ. त्याईनं घर पेटवलं तं? बाबाले मारलं तं?"

"बस खाली."

"तुले काईच वाटत नाई काय?"

तू कारंज्याकडं पाहून बोलली, माझ्याकडं नाही. "आपन दोघी तथी गेलो तं तुहा बाप आपल्यासाठी इस्तो देईन. बायको-लेक समोर उभी अन् दारात पाटलाचे लोकं, मंग कोन नाई म्हनते? आपन इथी हाओ म्हनून त्याले नाई म्हनता येईन." मग थांबून म्हणाली, "म्हनायचं असन तं."

तेव्हा मले यातलं काहीच समजलं नाही. वाटलं, काय दगडाची बाई आहे ही! नवरा तिकडं वाघाच्या तोंडात, अन् ही कारंजं पाहून राहिली!

मग तू एक संत्र घेतलं. नख सालीत रुतेना. एकदा केलं, दोनदा केलं. संत्र हातून सुटलं अन् बाकड्याखाली गेलं. तू वाकून उचललं, पदरानं पुसलं, पुन्हा नख लावलं. तेव्हा मी तुझी बोटं पाहिली. अशी लटलट कापत होती, की मीच घाबरून दुसरीकडं तोंड केलं. शेवटी तू ते सालीसकट दातानं फोडलं अन् अर्धं मले दिलं. आंबटढाण होतं. "गोड हाय, खा," तू म्हणाली.

काहून लपवलं, माय? हाच माझा तुझ्यावर राग आहे, अन् तो मी आज सांगूनच घेते. "भेली हाओ मी, कमल," एवढं म्हणायले तुले काय लागत होतं? मी कुकुलं बाळ नव्हती, सातवीत होती. मी तुझ्याजवळ सरकून बसली असती. दोघी मिळून भेलो असतो! त्याऐवजी मी बाकड्याच्या एका टोकाले अन् तू दुसऱ्या टोकाले, दोघीही आंबट संत्र गिळत. तू तर गेली, पण हे दुःख माझ्यापाशी अजून आहे.

ऊन झाडांच्या शेंड्यावर चढलं. गारवा सुटला. लोकं सतरंज्या झटकून घरोघर निघाले. बाहेर चौकात डफडं वाजायले लागलं, पोरांच्या बोंबा ऐकू यायले लागल्या. होळ्या पेटायची वेळ झाली होती. तू फाटकाकडं वळली नाही, पण दर थोड्या वेळानं मलेच विचारायची, "आलं काय कोनी?"

"नाई."

"नीट पाय."

"नाई ना माय!"

मग मले ते दिसले. पायी, एक पाय ओढत. धोतर गुडघ्यावर फाटलेलं, डोक्यावरची टोपी नाही. मी "बाबा!" म्हणून ओरडली अन् धावली. तू तेव्हा कुठं उठली.

तू त्याईले नळावर नेलं. गुडघ्यावरची माती धुता धुता, मान वर न करता विचारलं, "देल्ला?"

बाबा ओट्यावर टेकले. त्यांचा श्वास अजून बसला नव्हता.

"घरी गेलो. दारात सारे उभे. आत जाऊन पाहतो तं चुलीत राखेचा चिखल. तू तं एक ठिनगी ठेवली नाई! म्या बाहेर येऊन म्हटलं, पाटील, चूल मेली, इस्तो कोठून आनू? तं पाटलानं आपल्या खिशातली काडेपेटी काढली अन् माह्याकडं फेकली. म्हने, घे, पेटव तुही चूल, अन् दे."

"मंग?"

"त्याची काडेपेटी, माही चूल, अन् पुन्हा त्यालेच द्यायचं! म्या आत जाऊन काडी ओढली. पेटली. तिच्याकडं पाहता पाहता मले समजलं, अवं, इस्तो तं याच्याच खिशात हाय! याले इस्तो नाई पाहिजे. मी वाकून ठेवतो अन् मागं सरकतो ना, ते पाहिजे याले. एवढी वर्सं मले वाटे, आपल्या इस्तवात काईतरी हाय." बाबांनी अंगठा दाखवला, टोकाले फोड आला होता. "काडी बोटापर्यंत जळली. फेकली. काडेपेटी वापस नेऊन देल्ली. म्हटलं, पाटील, तुमीच पेटवा."

"मंग काय झालं?"

"काई नाई. येता येता पडलो."

पडल्यानं पाठीवरचा सदरा उसवते काय, माय? मी विचारणार होती, तू डोळ्यानं मले दाबलं. त्याईच्या पाठीवर ओला पदर ठेवला, अन् ठेवता ठेवता म्हणाली, "मले वाटलं, तुमी देसान."

अन् तू रडली! घरात बाया तोंडात पदर कोंबून रडतात तशी नाही. भर बागेत, नळावर, हंबरडा फोडून. येणारे-जाणारे थांबून पाहून राहिले होते. बाबा बिचारे घाबरले. "अवं, नाई ना देल्ला! मंग रडते काहून?"

"म्हनूनच!" तू म्हणाली, अन् आणखी रडली.

चौकीदार शिट्टी मारत आला. "चला, चला, बाग बंद."

तू तोंडावर पाणी मारलं अन् त्याले म्हणाली, "थांब ना रे भाऊ थोडा. दिवसभर बसली इथी, पन बाग पाहिली कोठी म्या? आता माहा जीव भांड्यात पडला. आता पाहू दे."

"आता अंधारात काय दिसणार बाई?"

"जे दिसन ते पाहीन. तू कुलूप घेऊन उभा राय, आमी येतोच."

तो काय बोलणार? उभा राहिला. अन् आपण तिघं फिरलो. पुनवेचा चंद्र वर आला होता. बाहेर शहरभर होळ्या पेटल्या होत्या, धुराचा वास येत होता, अन् बाबा तुझ्या खांद्यावर हात ठेवून लंगडत होते. नवरा-बायको असे चालताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. तू एकेका झाडापाशी थांबायची. "हे कायचं?" बाबा नाव सांगायचे. अर्धी नावं चुकीची होती, मले शाळेत शिकवलेली ठाऊक होती, पण मी बोलली नाही. मोगऱ्याच्या ताटव्यापाशी, अजून एक कळी नव्हती त्याले, तू वाकून वास घेतला अन् म्हणाली, "येईन कळी, पुढच्या महिन्यात येईन." चौकीदारानं दोनदा शिट्टी मारली. तू दोनदा "आलो रे" म्हणाली अन् पुढंच चालत राहिली.

गावची होळी त्या सांजेले पाटलाच्या काडेपेटीनं पेटली. कुडाले काडी कोणी लावली नाही, पण आपल्याले काम देणं बंद झालं, गिरणीत दळण घेणं बंद झालं, अन् उन्हाळा संपायच्या आत आपण अकोल्याले आलो. त्यानंतरचं सारं, बाबा कापसाच्या जिनिंगात लागले, तू मोळ्या विकून मले मास्तरीण केलं, ते परवा सभेत सांगून झालं. टाळ्याही झाल्या!

आता इथली गोष्ट सांगते. तुम्ही दोघं संध्याकाळी जायचे त्या इथल्या बागेत, तू गेल्यापासून बाबा एकटेच जातात. पण फाटक बंद व्हायच्या पुष्कळ आधीच घरी येऊन बसतात. काल मी विचारलं, "इतक्या लवकर काहून उठून येता?" तर म्हणाले, "शिट्टी वाजली का चौकीदारासंगं भांडे ते तुही माय. आता कोन भांडते? म्हनून मी शिट्टीच्या आधीच उठतो."

माय, मी भांडीन. आजपासून मी बाबांसंगं जाईन. शिट्टी वाजली तरी बाबा जोवर बसतील तोवर त्याईले कोणाले उठवू देणार नाही. अन् भांडता भांडता मी भेली, तर तुझ्यासारखी बाकड्याच्या टोकाले बसणार नाही. सरकून बाबांजवळ बसीन अन् सांगीन, "बाबा, मी भेली हाओ."

तुझी लेक,
कमल